चांदीचे बूट लाल झाले तरी चालतील

प्रति,
मुलांच्या अद्भुत कादंबऱ्यांवर चित्रपट आणि मालिका करू पाहणारे मराठी निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस,

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबतील त्या मुलांना घेऊन गोष्टी वाचायच्या, असा आमचा रिवाज आहे. एखादं पुस्तक वाचून संपलं आणि त्याच्यावर चित्रपट असला, तर समाजमंदिरात पडदा बांधून तोही बघतो. मराठी अनुवाद हाताशी नसला तर मी वाचत वाचत मराठीत सांगते. पुस्तक आधी, चित्रपट नंतर, हा क्रम मी होईल तेवढा पाळते. वर्गाबाहेर मात्र सगळं उलटं चालतं, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

आमच्या भागात पुस्तकाच्या आधी चित्रपट पोचतो. वाचणारी माणसं इथे कमी आहेत असं कुणी समजू नये. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंड्या निघतात, लेझीम खेळत मुलं पुढे चालतात. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या पाचवीतल्या पोराच्या हातात नवी मराठी कादंबरी पडायची, तर ती कुणीतरी कोल्हापूरहून नाहीतर पुण्याहून आणावी लागते. मोबाइलवर मात्र हॅरी पॉटर हिंदी बोलत थेट पडवीत येऊन बसतो. पुण्यातल्या मुलाला चित्रपट आवडला तर तो आठवड्याभरात पुस्तक मिळवू शकतो आणि दोन्ही ताडून बघू शकतो. आमच्याकडच्या बहुतेक मुलांसाठी चित्रपट हीच त्या गोष्टीची पहिली आणि शेवटची आवृत्ती असते. तुम्ही जे गाळाल ते त्यांच्यापुरतं कधी लिहिलंच गेलेलं नसतं. एवढी मोठी जबाबदारी तुमच्यावर आहे, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

पुस्तकातलं पान न् पान पडद्यावर उतरवा, असं मी म्हणत नाही. एल. फ्रँक बाउम यांचं ओझच्या जादूगाराचं पुस्तक १९०० साली आलं आणि १९३९ साली एमजीएम या अमेरिकन चित्रसंस्थेचा त्यावरचा चित्रपट आला. पुस्तकात नायिका डोरोथीच्या पायांत चांदीचे बूट आहेत. चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्रात पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल रंग खुलून दिसतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही. डोळ्यांना जे हवं ते चित्रपटानं द्यावं, त्याचा तो हक्कच आहे. बूट लाल झाले म्हणून डोरोथी बदलत नाही.

तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. बाउम यांच्या पुस्तकात ओझचा देश खरा आहे. वादळानं उचलून नेलेलं घर गेलं ते गेलंच. डोरोथी परत येते तेव्हा हेन्रीकाकांनी बांधलेलं नवं घर तिला समोर दिसतं, आणि वाळवंटावरून येताना पायांतून निसटलेले चांदीचे बूट कायमचे हरवलेले असतात. पुढच्या पुस्तकांत ती तिथे पुन्हापुन्हा जाते, शेवटी काका-काकूंना घेऊन तिथेच राहायला जाते. चित्रपटात मात्र ती पलंगावर डोळे उघडते, डोक्याला मार लागलेला असतो, आणि भोवतालची मोठी माणसं तिला सांगतात की तुला स्वप्न पडलं होतं. आमच्याकडे हा चित्रपट संपला आणि दिवे लागले, तेव्हा चौथीतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, “बाई, मग त्या पत्र्याच्या माणसाला आता तेल कोण घालायचं? स्वप्न म्हटलं की तो गेलाच की!”

तिचा हा प्रश्न मी आपल्यापर्यंत पोचवते आहे. पुस्तकात तो पत्र्याचा माणूस, डोरोथीचा तिथला सोबती, ती परतल्यावरही आपल्या देशात राज्य करत राहतो. मुलांना ते माहीत असतं, आणि त्यांना ते हवं असतं. अद्भुत जगाला स्वप्न ठरवणं मोठ्यांना सोयीचं वाटतं, पण मूल ज्या जगात इतका वेळ जीव लावून राहिलं, ते आपण त्याच्या हातून काढून घेतो. बुटांचा रंग बदला, माणसं कमी करा, दोन प्रसंगांचा एक करा. पण त्या जगाचं खरेपण काढून घेऊ नका.

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मायकेल एंडे या जर्मन लेखकाची न संपणाऱ्या गोष्टीची कादंबरी १९७९ साली आली. तिचा नायक बास्तियान जाडा आहे, बुजरा आहे, वर्गात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे. आई वारलेली, वडील दुःखात बुडून गेलेले. तो एका दुकानातून पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो. मूळ आवृत्ती दोन रंगांच्या शाईत छापलेली आहे. बास्तियानचं जग एका रंगात, पुस्तकातला देश दुसऱ्या. सव्वीस प्रकरणं, एकेक प्रकरण वर्णमालेतल्या एकेका अक्षरानं सुरू होणारं. अर्ध्यावर आल्यावर बास्तियान स्वतःच त्या देशात शिरतो. तिथे तो मागेल ते त्याला मिळतं. देखणं रूप मिळतं, बळ मिळतं, मान मिळतो. फक्त दर इच्छेमागे त्याच्या घरच्या जगातली एक आठवण पुसली जाते. आधी किरकोळ आठवणी जातात, मग आई-वडील, आणि शेवटी त्याचं नावसुद्धा. ज्याची प्रत्येक इच्छा पुरी झाली त्या मुलाला परत जायला वाटच उरत नाही, आणि ती वाट तो कशी शोधतो ही खरी कादंबरी आहे.

वोल्फगांग पीटरसन यांचा १९८४ चा चित्रपट कादंबरीच्या मध्यावरच संपतो. पुढचं सगळं देणं-घेणं गळालं. शेवटाला उरला तो ड्रॅगनच्या पाठीवर बसून आपल्याला छळणाऱ्या पोरांचा पाठलाग करणारा बास्तियान. पडद्यावरचा मुलगा सडपातळही झालेला आहे. एंडे इतके दुखावले की आपलं नाव काढून टाका अशी मागणी त्यांनी केली. ते कोर्टात गेले आणि हरले. उत्तरार्धातलं थोडंफार १९९० च्या दुसऱ्या चित्रपटात आलं, पण ज्यांनी पहिलाच पाहिला त्यांच्या मनात इच्छा फुकट मिळाली ती मिळालीच.

हा उत्तरार्ध मी वर्गात वाचत होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. आमच्या गावातल्या पुष्कळ मुलांचे वडील गोव्याला कामाला आहेत, सणावाराला घरी येतात. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा एक मुलगा त्या दिवशी पुढे सरकून बसला. बास्तियान वडिलांचा चेहरा विसरतो तिथे मी थांबले, तर म्हणाला, “थांबायलाय कशाला बाई? वाचा की पुढं. त्याला आठवतंय का नाही बघू.” घंटा होऊन बराच वेळ झाला होता. कुणी उठलं नाही. तो भाग अवघड आहे, मुलांना झेपणार नाही, कंटाळा येईल, असं बैठकीत बसलेल्या मोठ्या माणसांना वाटत असेल. माझ्या वर्गात तोच भाग सगळ्यात जास्त कान देऊन ऐकला गेला.

म्हणून माझ्या लेखी पुस्तकाशी इमान राखणं याचा अर्थ एवढाच: जादूची जी किंमत लेखकानं लावली आहे ती पडद्यावरही तेवढीच वसूल व्हावी. फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’वर २००७ साली ‘द गोल्डन कंपास’ हा चित्रपट आला. कादंबरीचा शेवट भयंकर आहे. ज्या मित्राला सोडवायला नायिका लायरा उत्तरेला जाते, तोच तिच्या वडिलांच्या हातून मरतो. चित्रपट त्याच्या आधीच थांबला आणि मुलीच्या आशेवर संपला. पुढचे दोन भाग निघालेच नाहीत. २०१९ पासून बीबीसीनं मालिका केली तेव्हा तो शेवट जसा होता तसा ठेवला, आणि तिन्ही पुस्तकं पुरी केली.

हॅरी पॉटरबद्दल लिहिलं नाही तर माझी मुलं मला घरी जाऊ देणार नाहीत. सात पुस्तकं, आठ चित्रपट, १९९७ ते २०११ असा दोन्हींचा मिळून पसारा. पाचवं पुस्तक सातांत सर्वात जाड, आणि त्याच्यावरचा चित्रपट आठांत दुसरा सर्वात आखूड. पीव्हज नावाचं खोडकर भूत आठांपैकी एकाही चित्रपटात नाही. पहिल्या चित्रपटासाठी त्याचे प्रसंग चित्रित झाले होते, ते संकलनात गेले. याची हळहळ आमच्या मुलांना अजून आहे, पण मला त्याचं फारसं वाटत नाही. मला खटकतो तो शेवट. पुस्तकात हॅरीचा वैरी व्होल्डमॉर्ट भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या देखत, साध्या माणसासारखा कोसळतो आणि त्याचं प्रेत जमिनीवर पडून राहतं. ज्याचं नाव घ्यायलाही लोक भीत होते तो अखेर हाडामांसाचा निघाला, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतं. चित्रपटात दोघंच अंगणात असतात आणि व्होल्डमॉर्टचे पापुद्रे होऊन हवेत विरतात. दृश्य भव्य आहे. पण साक्षीदार गेले, प्रेत गेलं, आणि तो तुमच्या-आमच्यासारखाच मरणारा होता ही गोष्टही त्यांच्याबरोबर गेली. पुस्तकात हॅरी हाती आलेल्या सर्वात बलाढ्य जादूच्या छडीनं आधी स्वतःची मोडलेली छडी सांधून घेतो, आणि मगच तिचा मोह सोडतो. चित्रपटात तो ती सरळ मोडून फेकून देतो. यावर आमच्या वर्गात कडाक्याचं भांडण झालं. “आपली छडी आधी नीट करून घ्यायची की रे, मग फेक!” असं सातवीतल्या एकानं सुनावलं, आणि मला त्याचंच पटलं.

त्याच मालिकेतला अल्फोन्सो क्वारोन यांचा तिसरा चित्रपट, २००४ सालचा, मला सर्वात जवळचा वाटतो. त्यात गाळलेलं काही थोडं नाही. जादूचा नकाशा कुणी बनवला हे तो सांगतच नाही, आणि त्यामुळे गोष्टीतला एक धागा सुटतो. तरी तेरा वर्षांच्या मुलाच्या मनातला राग, एकटेपणा आणि थंडी त्यानं धरून ठेवली. मुलं चुरगळलेल्या कपड्यांत हिंडतात, झाडावर ऋतू बदलतात. हॅरीचा मित्र हॅग्रिड याची झोपडी त्यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लेन्को खोऱ्यात उघड्या डोंगरावर उभारली.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण खर्चाचं कारण तुम्ही सांगाल हे मला ठाऊक आहे. अद्भुताला अमेरिकेइतका पैसा लागतो, आमच्याकडे तो नाही, असं नेहमी ऐकू येतं. सत्यजित राय यांच्याकडेही नव्हता. ‘गुपी गाइन बाघा बाइन’ची गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची, ‘संदेश’ मासिकात आलेली. चित्रपट १९६९ सालचा. पैशाअभावी तो कृष्णधवल झाला, रंग फक्त शेवटाला. त्यातला भुतांचा नाच सहा मिनिटांहून जास्त चालतो. राजेरजवाडे, गोरे साहेब, ढेरपोटे, साधी माणसं अशी भुतांची चार कुळं, आणि त्यांच्या पायांशी मृदंगम, घटम, खंजिरी, मोरसिंग ही आपल्या कर्नाटक संगीतातली वाद्यं. आमच्या मुलांना बंगाली ओ की ठो कळत नाही. तरी तो नाच त्यांनी परत लावायला लावला. रायनी आजोबांच्या गोष्टीत पुष्कळ भर घातली आहे. पण गावानं हाकलून दिलेली ती दोन गरीब, बेसूर पोरं शेवटपर्यंत तशीच भोळी राहिली, आणि दोघांनी मिळून टाळी दिली तरच भुतांच्या राजानं दिलेला वर फळतो हा नियम एकदाही सैल झाला नाही. नियम पक्का असल्यामुळे दोघांची ताटातूट होते तेव्हा मुलं श्वास रोखून बसतात.

आपल्याकडचंच सांगायचं तर विक्रम-वेताळ घ्या. ‘चांदोबा’ बेळगावच्या मराठी घरांत यायचा आणि शेजारच्या कानडी घरांत तोच ‘चंदमामा’ म्हणून यायचा. चित्रं तीच, वेताळही तोच. १९८५ साली दूरदर्शनवर त्याची मालिका आली तेव्हा वेताळाचे केस आणि उडणं अगदी साधं होतं. तरी आमची पिढी टीव्ही असलेल्या घरासमोर गोळा व्हायची, कारण गोष्टीचा साचा कुणी मोडला नव्हता. राजानं तोंड उघडलं की प्रेत पुन्हा झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं. एवढं सांभाळलं की बाकीचं मुलं मनानं भरून काढतात.

आता वयाबद्दल. रिक रिऑर्डन यांच्या पर्सी जॅक्सनचं वय पहिल्या पुस्तकात बारा. २०१० च्या चित्रपटात तो थेट कॉलेजच्या उंबरठ्यावरचा झाला, आणि लेखकानं त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. २०२३ च्या मालिकेत पुन्हा लहान मुलं घेतली. अद्भुतकथा नसली तरी फास्टर फेणेचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. भा. रा. भागवतांचा बन्या हा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला शाळकरी पोरगा. २०१७ च्या चित्रपटात तो तरुण होऊन आला. स्वतः भागवतांनाच एक पात्र करून दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं समोर आणण्याची कल्पना फार प्रेमळ होती, मला ती आवडली. पण माझ्या सहावीतल्या मुलांना चित्रपटातला बन्या ‘दादा’ वाटला. पुस्तकातला बन्या त्यांना ‘आपल्यातला’ वाटतो. सायकल दामटणारं, काडीपहिलवान, मोठ्यांचं न ऐकणारं मूल पडद्यावर मूलच राहू द्या. नट मिळत नाही म्हणाल, तर गावोगावच्या स्नेहसंमेलनांना येऊन बघा.

आणि जागा? भीमगडच्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी वटवाघळं तिथे राहतात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात तिथे भरदुपारी दिवे लावावे लागतात. गोकाकला घटप्रभा बावन्न मीटरवरून खाली पडते, वर झुलता पूल आहे. येळ्ळूरचा राजहंसगड आहे. इथेच बेळगावात राहून इंदिरा संतांनी गवतफुलाची ती कविता लिहिली, ज्यात मूल फुलाएवढं लहान व्हायला निघतं. विंदांनी ‘एटू लोकांचा देश’ कधीच वसवून ठेवला आहे. रत्नाकर मतकरींच्या चेटकिणीनं आणि राक्षसांनी रंगमंच गाजवला. मराठीत अद्भुताची वाण नाही. ते पडद्यावर आणताना मध्येच डोळा मारून ‘हे काही खरं नाही बरं का’ असं सुचवू नका, एवढीच विनंती आहे.

पुस्तक मोठं असेल तर दोन तासांत कोंबू नका, मालिका करा. लहान असेल तर ताणू नका. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या एका पुस्तकाचे तीन चित्रपट झाले, जवळजवळ आठ तासांचे, आणि नायक बिल्बो बिचारा लढायांच्या गर्दीत सापडेनासा झाला. लेखक हयात असेल तर त्याला फक्त पहिल्या खेळाला बोलावू नका, पटकथा वाचायला द्या. आणि ज्यांनी ते पुस्तक वाचलं आहे अशा मुलांनाही ती वाचून दाखवा. कुठे खोटं वाटलं ते मुलं दहा मिनिटांत सांगतात. माझा वर्ग त्यासाठी केव्हाही तयार आहे. पटकथेबद्दल बाहेर अवाक्षर जाणार नाही, याची हमी मी घेते.

राहिल्या दोन मागण्या. चित्रपट झाला की त्याचे खेळ बेळगावच्या पुढेही आणा. खानापूर, निपाणी, चिकोडी इथे मराठी मुलं आहेत, आणि त्यांना पोचेल अशा वेळेचा, अशा तिकिटाचा खेळ क्वचितच मिळतो. शाळा मिळून मुलं जमवतील, एसटी नाहीतर टेम्पो करून आणतील, ते आमच्यावर सोडा. दुसरी मागणी पुस्तकाची. ज्या कादंबरीचे हक्क घ्याल, तिची स्वस्त आवृत्ती चित्रपटाबरोबर निघेल अशी अट करारात घाला, आणि थिएटरच्या दारात ती विकायला ठेवा. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या मुलाला त्याच दिवशी पुस्तक मिळालं, तर घरी जाताना बसमध्येच ते वाचायला सुरुवात होईल. आमच्या शाळेसाठी पहिल्या तीस प्रतींची मागणी आजच नोंदवून ठेवा. पैसे आम्ही पालकांकडून जमा करून देऊ.

उत्तराची वाट पाहते. कळावे.

आपली,
वाचनवर्गाची बाई
खानापूर तालुका, जि. बेळगाव